फौजी मामांचा कोटा अन् मामींचं उद्यम: सरकारी खरेदीतला राखीव वाटा कसा मिळवायचा

मागच्या दिवाळीनंतर मामांनी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली मेसेज, "बघ बे, आम्हाला सरकारी टेंडरात पाच टक्के राखीव हाय, इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही." मामा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, आता अक्कलकोट रोडला राहतात, आणि एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती होईपर्यंत दुसऱ्याला झोपू देत नाहीत. मी व्हिडिओ पूर्ण बघितला. माहिती खरी होती, फक्त देश दुसरा होता. ते सगळं अमेरिकेचं आहे. तिथं केंद्र सरकारनं टार्गेट ठेवलंय की वर्षाच्या कंत्राटांच्या पैशातले २३ टक्के छोट्या धंद्यांना जावेत, त्यात सेवेत असताना अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या कंपन्यांसाठी आधी ३ टक्के होते ते आता ५ टक्के केलेत, महिलांच्या कंपन्यांसाठी वेगळे ५ टक्के. माजी सैनिकांच्या कंपनीचं सर्टिफिकेट २०२३ पासून तिथलं स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन देतं. चांगली व्यवस्था आहे, पण आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन "माझे पाच टक्के कुठायत" विचारलं तर साहेब चहा पाजून परत पाठवतील एवढंच.

मग आपल्याकडं काय आहे? आहे, बरंच आहे, फक्त ते दुसऱ्या नावानं आणि दुसऱ्या दारातून आहे. मी स्वतः टॉवेलचं छोटं युनिट चालवतो, आठ लूम, आणि गेली काही वर्षं जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाईन बाजारावर, माल टाकतोय, त्यामुळं जे ठेचा खाऊन कळलं ते लिहितोय.

मूळ नियम काय म्हणतो

२००६ च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याच्या कलम ११ खाली केंद्र सरकारनं २०१२ मध्ये एक खरेदी धोरण काढलं. आज त्याचं रूप असं की केंद्राची खाती आणि केंद्राच्या सरकारी कंपन्या यांनी वर्षभरातल्या खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायची. या २५ च्या आतच ४ टक्के एससी-एसटी मालकांच्या उद्योगांसाठी आणि ३ टक्के महिला मालकांच्या उद्योगांसाठी, हे महिलांचं २०१८ मध्ये आलं. आधी टक्का २० होता.

इथं दोन गोष्टी लोक हमखास चुकीच्या समजतात. एक, हा टक्का खरेदी करणाऱ्याच्या पूर्ण वर्षाचा आहे, प्रत्येक टेंडरमधला नाही, म्हणजे तुम्ही बिड टाकली आणि तुम्हाला आपोआप चार टक्के माल तोडून दिला असं होत नाही. दुसरी गोष्ट आपल्या सोलापुरात जास्त टोचते. इथं विणकामात निम्मा पूर्वभाग पद्मशाली, आणि महाराष्ट्रात पद्मशाली समाज एसबीसी म्हणजे विशेष मागास प्रवर्गात येतो, शिक्षणात-नोकरीत त्याचं आरक्षण आहे, पण या खरेदी धोरणात ओबीसी, एसबीसी, एनटी कुणालाच वेगळा टक्का नाही. फक्त एससी-एसटी आणि महिला. माजी सैनिकांनाही नाही, दिव्यांगांनाही नाही, उद्यम या लघु उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या फॉर्मवर दिव्यांग आहात का असं विचारतात तरी. मला हे पटत नाही पण नियम हाच आहे, त्यामुळं जातीचा दाखला घेऊन जेमच्या मागं लागण्यात एसबीसीवाल्यांनी दिवस घालवू नयेत. तुम्ही लघु उद्योग म्हणून २५ टक्क्यांत आहातच की.

आणि कोण खरेदी करतंय ते आधी बघा, कारण नियम खिशाप्रमाणं बदलतो. सोलापुरात रेल्वेचं डिव्हिजन ऑफिस, फताटेवाडीचा एनटीपीसी प्रकल्प, पोस्ट, बीएसएनएल ही सगळी केंद्राची गिऱ्हाइकं, इथं वर सांगितलेलं धोरण लागू. महापालिका, जिल्हा परिषद, सिव्हिल हॉस्पिटल हे राज्याच्या नियमांवर चालतात, तिथं केंद्राचं परिपत्रक दाखवून भांडलात तर क्लार्क हसेल आणि त्याचं बरोबर असेल. राज्याची स्वतःची खरेदी नियमपुस्तिका आहे, २०१६ च्या डिसेंबरची, तिथं काय सवलत लागू होते ते त्या टेंडरच्या अटींत लिहिलेलं असतं, तेवढंच धरून चाला.

उद्यम नोंदणी, आणि माझा झालेला पोपट

सगळ्याची किल्ली उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून जुनं उद्योग आधार वगैरे बंद होऊन हेच आहे. आधार, पॅन आणि असेल तर जीएसटी एवढ्यावर होतं, कागद अपलोड करायचे नाहीत, आणि एक रुपया लागत नाही. हे मोठ्यानं वाचा, एक रुपया लागत नाही. गूगलवर सर्च केलं की वरच्या वरच सरकारी दिसणाऱ्या साईट येतात, तिरंगा बिरंगा लावलेला, आणि दोन-अडीच हजार मागतात. माझ्या शेजारच्या शेडवाल्यानं दोनदा भरले.

एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्यात: यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. आपल्या एमआयडीसीतले बहुतेक जण सूक्ष्मातच बसतात. मध्यम झालात की तीन वर्षांनी खरेदीतला फायदा संपतो, पण तेवढे मोठे झालात तर हे वाचायची गरजच काय.

आता माझा किस्सा. मी पहिली नोंदणी एका एजंटाकडून करून घेतली, घाई होती, त्यानं व्यवसायाच्या कोडमध्ये होलसेल कापड व्यापार टाकून दिला, म्हणे "एकच आहे हो ते". एकच नाही ते! व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यममध्ये परत घेतलं पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी, सरकारी खरेदीतली सवलत व्यापाऱ्याला मिळत नाही, फक्त जो माल बनवतो किंवा सेवा देतो त्याला. माझी पहिलीच मोठी बिड, अनामत माफ म्हणून पैसे भरले नाहीत, टेक्निकलमध्येच, म्हणजे दर उघडायच्या आधीच्या छाननीत, उडाली. कारण काय, तुम्ही ट्रेडर आहात. आठ लूम खटखट वाजतायत आणि मी ट्रेडर.

म्हणून कोड स्वतः बघून टाका. विणकाम असेल तर १३१२, चादर-टॉवेल-बेडशीट अशा तयार वस्तू १३९२, शिवलेले कपडे म्हणजे युनिफॉर्म, ॲप्रन वगैरे १४१०. एकापेक्षा जास्त कोड टाकता येतात. नंतर बदल करायचा असेल तर तोही पोर्टलवर फुकटच होतो, फक्त बिड टाकायच्या आधी करा, नंतर नाही.

मालकी हा दुसरा मुद्दा. महिला किंवा एससी-एसटी म्हणून धरायचं तर एकट्याचा धंदा असेल तर मालक स्वतः त्या गटातला पाहिजे, भागीदारी असेल तर त्यांचा वाटा किमान ५१ टक्के, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर शेअर किमान ५१ टक्के. आता आपल्याकडं लगेच आयडिया येते की बायकोच्या नावावर करून टाकू. मामांनाही आलीच. मी म्हणलं मामा, नावापुरती मालकीण करून बिड टाकली आणि कुणी तक्रार केली तर काळ्या यादीत जाल, आणि तक्रार करणारा बाहेरचा नसतो, शेजारच्या गल्लीतला दुसरा बिडरच असतो.

पण मग बोलता बोलता जे निघालं ते भारी होतं. मामा पठाणकोटला, लेहला, कुठं कुठं असताना मामी इथं अशोक चौकाजवळ शिलाई चालवत होती. आधी दोन मशीन, मग सहा, आता अकरा. कापड ती आणायची, कारागीर बायकांचा पगार ती करायची, गिऱ्हाईक तिचं, बँकेतलं खातं तिचं. म्हणजे खरीखुरी मालकीण आधीपासून मामीच आहे, मामांच्या नावावर तिथं एक फॅनसुद्धा नाही. ज्या माणसानं कोटा शोधायला सुरुवात केली त्याला कोटा नाही आणि जिला विचारलंच नव्हतं तिला आहे. मामी म्हणाली, "मी कधीची म्हणते, मला विचारा म्हणून."

जेमवर जाणं आणि बिड वाचणं

जेम म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, २०१६ ला सुरू झालं, केंद्राची बहुतेक साधी खरेदी आता तिथूनच होते. नोंदणीला मालकाचं आधार-पॅन, आधारला जोडलेला मोबाईल, बँक खातं, जीएसटी. मालकीण मामी असेल तर मोबाईल मामीचा, ओटीपी मामीकडं येणार, हे आधीच ठरवा नाहीतर रात्री अकराला बिड बंद होतीय आणि फोन देवघरात चार्जिंगला असतो. प्रोफाईलमध्ये उद्यम नंबर जोडायला विसरू नका, तो जोडला नाही तर सिस्टिमला तुम्ही लघु उद्योग आहात हे कळतच नाही. महिलांच्या मालासाठी जेमवर वुमनिया नावाचा उपक्रम आहे, एससी-एसटी उद्योजकांसाठीही वेगळी सोय आहे.

लहान खरेदी खरेदीदार कॅटलॉगमधून थेट करतो, त्याच्या वर गेली की दर तुलना करून, आणि मोठी असली की बिड निघते. त्यामुळं कॅटलॉग नीट भरून ठेवणं हेसुद्धा काम आहे: जीएसएम म्हणजे कापडाचं वजन, साईज, कॉटनचा टक्का, स्वच्छ फोटो. आमच्याकडं लोक टॉवेलचा फोटो खाटेवर टाकून काढतात, मागं कोंबडी.

बिडचा कागद आला की तो शेवटापासून नाही, पहिल्या पानापासून वाचा. तीन ओळी शोधायच्या.

पहिली, अनुभव आणि उलाढालीतून लघु उद्योगांना सूट आहे का, तिथं होय किंवा नाही लिहिलेलं असतं. ही सूट खरेदीदाराच्या मर्जीवर असते, आणि दर्जा-तांत्रिक अटी त्यात माफ होत नाहीत. नवीन युनिटला सगळ्यात उपयोगाची ओळ हीच आहे कारण तीन वर्षांचा अनुभव आणि अमुक लाखांची उलाढाल ही अट आली की नवखा तिथंच बाद.

दुसरी, लघु उद्योगांना खरेदीत प्राधान्य आहे का, त्याचंच गणित खाली १५ टक्क्यांत सांगतो.

तिसरी, अनामत रक्कम म्हणजे ईएमडी. ती साधारण अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते. १२ लाखांच्या बिडला २४ हजार ते ६० हजार अडकून पडतात, आणि आपल्यासारख्यांचे एका वेळी चार बिडमध्ये अडकले तर सूत कशानं आणायचं. सूक्ष्म-लघु उत्पादकाला ही माफ, टेंडर फॉर्मही फुकट. पण नीट ऐका, ऑर्डर मिळाल्यावरची परफॉर्मन्स सिक्युरिटी माफ नाही, ती भरावीच लागते, बहुतेक बँक गॅरंटी करून. ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात लोक पेढे वाटतात आणि मग बँकेत गॅरंटीसाठी पूर्ण रक्कम एफडीत ठेवा म्हणतात तेव्हा तोंड उतरतं. एससी-एसटी उद्योजकांसाठी राष्ट्रीय एससी-एसटी हब आहे, २०१६ ला सुरू झालं, एनएसआयसी म्हणजे राष्ट्रीय लघु उद्योग महामंडळ चालवतं, त्यात बँक गॅरंटीचा खर्च, माल तपासणीची फी अशांची काही भरपाई मिळायच्या योजना आहेत, त्या अर्ज करायच्या आधी चालू आहेत का ते विचारून घ्या.

१५ टक्क्यांचं गणित

हे समजलं नाही तर बाकीचं समजून उपयोग नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

समजा रेल्वेनं १०,००० टॉवेलची बिड काढली. सगळ्यात कमी दर एका मोठ्या मिलचा, १२० रुपये. ती मिल लघु उद्योग नाही. तुमचा दर १३६. १२० वर १५ टक्के म्हणजे १३८, तुम्ही त्याच्या आत आहात, म्हणून तुम्हाला विचारणार, १२० ला देता का? हो म्हणालात तर एकूण मालाच्या किमान २५ टक्के, म्हणजे २,५०० टॉवेल तुमचे. असे दोन-तीन लघु उद्योग आत बसले तर वाटा त्यांच्यात विभागतो. ऑर्डर तोडता येण्यासारखी नसेल तर पूर्ण सुद्धा मिळू शकते. तुमचा दर १३९ असता तर कुणी विचारलंच नसतं.

आता बघा, दर १३६ ला नाही मिळाला, १२० लाच द्यायचाय. सवलत म्हणजे जास्त भाव नव्हे, सवलत म्हणजे दुसऱ्यांदा विचारणं. तुमचा खर्च जर नगाला १२४ पडत असेल तर २,५०० वर १० हजार घरातून गेले, वर गाडीभाडं. आमच्या ओळखीच्या एकानं "मिळतंय ना, घे" म्हणून हो म्हणलं आणि मग सुताचा भाव चढला, पुढचं सांगत नाही. म्हणून बिड टाकायच्या आधी दोन आकडे वहीत लिहायचे: एक जो टाकणार तो दर, आणि दुसरा ज्याच्या खाली मेलो तरी जाणार नाही तो. दुसरा आकडा बायकोला सांगून ठेवा, रात्री मोह होतो.

आणि सगळ्यात कमी दरवाला स्वतःच लघु उद्योग असेल तर ही भानगडच नाही, त्यालाच मिळणार. आपल्या लाईनमध्ये बहुतेक वेळा असंच होतं, कारण टॉवेल-चादरीत सगळे आपल्यासारखेच, सोलापूर नाहीतर इचलकरंजी नाहीतर तिकडं पानिपत. मिल विरुद्ध आपण हे पुस्तकातलं उदाहरण आहे, प्रत्यक्षात आपण विरुद्ध आपण.

याच्याशिवाय ३५८ वस्तूंची एक राखीव यादी आहे, त्या वस्तू केंद्रानं फक्त सूक्ष्म-लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या, बादल्या, झाडू, चपला, स्टीलच्या खुर्च्या असलं बरंच काही. तुमची वस्तू त्यात आहे का ते एकदा बघाच. आणि हातमागवाल्यांसाठी वेगळं: केंद्राच्या वित्तीय नियमांत, नियम १५३, खात्यांना लागणाऱ्या कापडापैकी किमान २० टक्के हातमागाचं घ्यावं असं आहे, विणकर सोसायट्या, बचत गट यांच्याकडून. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल दोन्हीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण खरं बोलायचं तर आज इथला बहुतेक माल पॉवरलूमचा आहे, पॉवरलूमचा माल हातमाग म्हणून विकायला जाऊ नका, पकडला जातो. शेवटचे काही हातमागवाले अजून आहेत त्यांनी मात्र हा नियम धरून बसावं.

फौजींसाठी खरोखर काय आहे

मामा नाराज झाले होते म्हणून हे नीट शोधलं. मालाच्या खरेदीत टक्का नाही, पण काही ठरावीक कामांत माजी सैनिकांना सरळ रस्ता आहे. दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय, सगळे डीजीआर म्हणतात, ते सिक्युरिटी एजन्सींचं पॅनल ठेवतं आणि केंद्राच्या सरकारी कंपन्या तिथून गार्ड मागवतात. एजन्सी काढणं मुख्यतः निवृत्त अधिकाऱ्यांसाठी, पण गार्ड बहुतेक माजी सैनिकच लागतात, आणि पगार ठरलेल्या दरानं. स्वतःची एजन्सी काढायची तर खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याचं लायसन्स वेगळं लागतं. महाराष्ट्रात मेस्को आहे, राज्याचं माजी सैनिक महामंडळ, पुण्यात ऑफिस, त्यांच्यामार्फत सरकारी ठिकाणी गार्ड लागतात. कोळसा वाहतुकीची योजना आहे, ती कोल इंडियाच्या खाणींच्या भागात, सोलापूरकराला लांब पडते. पेट्रोल पंपाच्या वाटपात संरक्षण दलाच्या लोकांचा गट असतो, जाहिरात आली की डीजीआरच्या कागदाची तयारी आधी पाहिजे.

आणि पीएमईजीपी, म्हणजे नवीन धंद्याला कर्ज आणि अनुदान देणारी पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना. नवीन युनिट टाकायचं तर माजी सैनिक विशेष गटात येतात, जसे महिला, एससी, एसटी, ओबीसी. स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के, उत्पादनाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत. अर्ज ऑनलाईन, पुढं जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योगकडं. इथं ओबीसीही आहेत हे लक्षात घ्या. पण चालू युनिटला हे मिळत नाही आणि नवरा-बायकोतून एकालाच मिळतं. सुरुवात कुठून करायची तर डिस्चार्ज बुक आणि पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. एजंट नको, तिथं बसलेलेही फौजीच असतात, नीट सांगतात.

बांधकामवाल्यांसाठी एक पळता उल्लेख: केंद्राचं लघु उद्योग धोरण माल आणि सेवेचं आहे, बांधकामाच्या ठेक्यांना लागू नाही. आपल्याकडं जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकामच्या छोट्या कामांत ३३-३३-३४ चालतं, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंते, ३३ टक्के मजूर सहकारी संस्था, ३४ टक्के बाकीचे ठेकेदार. भाचा-पुतण्या सिव्हिल इंजिनीअर होऊन घरी बसला असेल तर त्याची नोंदणी करून टाका. मजूर संस्थांत खरे मजूर किती हा वेगळा विषय, इथं नको.

माल दिला, पैसे कुठायत

जेमवर माल पोचला की ज्यानं घेतला त्यानं तपासून दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला काढायचा आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे. कागदावर. माझं एक बिल एका ऑफिसनं पाच महिने ठेवलं, कधी साहेब रजेवर, कधी बजेट नाही, कधी "तुमचा कागद पुण्याला गेलाय".

इथं उद्यमचा खरा उपयोग आहे, टक्क्यापेक्षा जास्त म्हणलं तरी चालेल. त्याच एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म-लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचेत, करारात काहीही लिहिलेलं असो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असंच धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं, म्हणजे बँक रेट साडेपाच धरला तर साडेसोळा टक्के. तक्रार केंद्राच्या एमएसएमई खात्याच्या पोर्टलवर ऑनलाईन टाकायची, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडं जाते, आणि कौन्सिलनं तुमच्या बाजूनं निकाल दिला तर त्याला आव्हान द्यायच्या आधी समोरच्याला ७५ टक्के रक्कम भरावी लागते. यात मेख एक: माल दिला त्या तारखेआधी उद्यम झालेलं पाहिजे. नंतर काढून मागच्या बिलाला लावता येत नाही.

मी लगेच केस टाकली नाही. आधी साधं पत्र दिलं, त्यात एमएसएमई कायद्याचं कलम १५ आणि १६ लिहिलं आणि आजपर्यंतचं व्याज किती झालं ते रुपये-पैशात लिहिलं, आवक-जावकचा शिक्का घेतला. तीन आठवड्यांत पैसे आले, व्याज सोडून. व्याजासाठी भांडलो नाही, त्याच ऑफिसात परत माल द्यायचाय. हे योग्य केलं का माहीत नाही. माझ्या जागी मामी असती तर तिनं व्याज सोडलं नसतं.

मामीचं काय झालं ते सांगतो. उद्यम काढलं, कोड १४१०, मालकीण महिला. जेमवर आली. पहिल्या दोन बिड गेल्या, एकीत साईज चार्ट जोडायचा राहिला, दुसरीत दर जास्त झाला. तिसरी केंद्राच्या एका हॉस्पिटलची, ४२० ॲप्रन. तिचाच दर सगळ्यात कमी निघाला, म्हणजे ३ टक्के, १५ टक्के, काहीच वापरावं लागलं नाही, कामाला आली ती फक्त अनुभव आणि उलाढालीची सूट, ती नसती तर आतच घेतलं नसतं. मामांनी हिशोब विचारला तर म्हणाली नगामागं अकरा रुपये सुटतात आणि बायकांना पंधरा दिवसांचं काम.

मामांना आता तिनं एकच ड्यूटी दिलीय. माल घेऊन जायचं, नग मोजून द्यायचे, आणि चलनावर सही, शिक्का, तारीख तिन्ही घेतल्याशिवाय गेट सोडायचं नाही. परवा स्टोअरवाला म्हणाला उद्या या, शिक्का कपाटात आहे. मामा तिथंच बाकावर बसले, डबा उघडून भाकरी अन् शेंगाचटणी खाल्ली, साडेचारला शिक्का मिळाला.